ऑटो फ्रँक

ऑटो हाइनरिश फ्रँक (१२ मे, १८८९: फ्रांकफुर्ट, जर्मनी - १९ ऑगस्ट, १९८०: बिर्सफेल्डेन, स्वित्झर्लंड) हे जर्मनीत जन्मलेले ज्यू व्यावसायिक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲम्स्टरडॅममध्ये अज्ञातवासात असताना रोजनिशी लिहिणाऱ्या ॲन फ्रँक हिचे ते वडील होत. ॲम्स्टरडॅममधील गुप्त निवासस्थानी लपलेल्या आठ जणांपैकी युद्धानंतर एकटे ऑटो फ्रँक जिवंत परतले. परतल्यावर त्यांनी आपल्या दोन मुलींचा शोध घेतला. त्या मरण पावल्याचे कळल्यावर त्यांनी धाकट्या मुलीची रोजनिशी प्रसिद्ध केली आणि उर्वरित आयुष्य तिच्या जतनासाठी व प्रसारासाठी वेचले. नाझी राजवटीत विखुरलेल्या लक्षावधी ज्यू कुटुंबांना युद्धानंतर आपल्या आप्तांचा जो शोध घ्यावा लागला, त्याचे कागदपत्रांतून तपशीलवार ज्ञात असलेले उदाहरण म्हणून ऑटो फ्रँक यांच्या शोधाकडे पाहिले जाते.

घराणे व बालपण

ऑटो फ्रँक यांचे वडील मिखाएल फ्रँक हे मूळचे लांडाउ या गावचे. ते १८७९ मध्ये फ्रांकफुर्ट येथे स्थायिक झाले आणि पुढे त्यांनी तेथे स्वतःची खासगी पेढी काढली. आई ॲलिस (माहेरचे आडनाव श्टेर्न) हिचे घराणे मात्र अनेक पिढ्यांपासून फ्रांकफुर्टमध्येच राहत होते. या शहरात १४६२ पासून ज्यूंना 'युडेनगासे' नावाच्या एकाच बंदिस्त गल्लीत राहणे सक्तीचे होते. या वस्तीच्या व ज्यू समाजाच्या जुन्या नोंदी बऱ्याच प्रमाणात टिकून राहिल्यामुळे ॲलिसच्या पूर्वजांचा माग काही शतके मागे नेता येतो.

मिखाएल व ॲलिस यांना रॉबर्ट, ऑटो, हर्बर्ट आणि हेलेन (लेनी) अशी चार अपत्ये होती. घरातील वातावरण उदारमतवादी होते. धार्मिक आचार फारसे पाळले जात नसत. संगीत, घोडेस्वारी, नाटके आणि नातेवाइकांशी नियमित पत्रव्यवहार हा या कुटुंबाच्या जीवनाचा भाग होता. वाढदिवसांना पद्ये रचून पाठवण्याची आणि आलेली पत्रे जपून ठेवण्याची त्यांची रीत होती. या सवयीमुळे पुढे कुटुंबाचा इतिहास उलगडण्यास मोठी मदत झाली.

शिक्षण व पहिले महायुद्ध

फ्रांकफुर्टमधील लेसिंग विद्यालयातून १९०८ मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ऑटो यांनी हायडेलबर्ग विद्यापीठात काही काळ कलेतिहासाचे शिक्षण घेतले. तेथे त्यांची ओळख नेथन स्ट्रॉस या अमेरिकी विद्यार्थ्याशी झाली. स्ट्रॉस कुटुंबाची न्यूयॉर्कमधील मेसीज या प्रसिद्ध दुकानात मालकी होती. या मैत्रीमुळे ऑटो यांना तेथे काम शिकण्याची संधी मिळाली. १९०९ मध्ये वडिलांचे निधन झाल्याने ते काही काळासाठी घरी परतले, नंतर पुन्हा न्यूयॉर्कला गेले आणि १९११ च्या सुमारास कायमचे जर्मनीत आले.

पहिल्या महायुद्धात ऑटो व त्यांचे दोन्ही भाऊ जर्मन सैन्यात होते. ऑटो १९१५ मध्ये सैन्यात दाखल झाले. पश्चिम आघाडीवर तोफखान्याशी संलग्न असलेल्या, शत्रूच्या तोफांचे स्थान निश्चित करणाऱ्या तुकडीत त्यांनी काम केले. १९१८ मध्ये त्यांना लेफ्टनंटपदी बढती मिळाली. जर्मन राष्ट्रासाठी लढलेल्या या सैनिकाचे नागरिकत्व पुढे त्याच राष्ट्राने हिरावून घेतले.

विवाह व ॲम्स्टरडॅममधील वास्तव्य

युद्धानंतर ऑटो कुटुंबाच्या पेढीच्या कारभारात आले. १२ मे, १९२५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी आखेन येथील एडिथ होलेंडर हिच्याशी विवाह केला. त्यांची थोरली मुलगी मार्गोट १६ फेब्रुवारी, १९२६ रोजी, तर धाकटी ॲन १२ जून, १९२९ रोजी जन्मली. १९२९ च्या जागतिक मंदीनंतर पेढी डबघाईला आली.

१९३३ मध्ये ॲडॉल्फ हिटलर सत्तेवर आला आणि फ्रँक कुटुंब काही महिन्यांतच विखुरले. लेनी आपले पती एरिक एलियास यांच्यासह याआधीच स्वित्झर्लंडमधील बासेल येथे राहावयास गेली होती. आई ॲलिसही तेथे गेली. रॉबर्ट लंडनला गेला, तर हर्बर्ट त्यापूर्वीच पॅरिसला गेला होता. ऑटो यांनी ॲम्स्टरडॅमची निवड केली. जॅम घट्ट होण्यासाठी लागणारे पेक्टिन विकणाऱ्या ओपेक्टा या कंपनीची शाखा त्यांनी तेथे सुरू केली. एडिथ व मार्गोट डिसेंबर १९३३ मध्ये, तर ॲन फेब्रुवारी १९३४ मध्ये तेथे आली. हे कुटुंब मेर्वेदेप्लेइन या चौकातील नव्या वसाहतीत राहू लागले. १९३८ मध्ये ऑटो यांनी मसाल्यांचा व्यापार करणारी पेक्टाकॉन ही दुसरी कंपनी काढली. हर्मान फान पेल्स हे या व्यवसायातील त्यांचे सहकारी होते.

देशांतराचे प्रयत्न

१० मे, १९४० रोजी जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले आणि काही दिवसांतच देश ताब्यात घेतला. जानेवारी १९४१ मध्ये सर्व ज्यूंना नोंदणी करणे सक्तीचे करण्यात आले. नेदरलँड्समधील लोकसंख्या-नोंदणीची पद्धत अत्यंत काटेकोर असल्याने या नोंदींच्या आधारे ज्यू कुटुंबांचे पत्ते शोधणे अधिकाऱ्यांना सोपे गेले. नोव्हेंबर १९४१ मधील एका हुकुमाने देशाबाहेर राहणाऱ्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्व रद्द झाले आणि फ्रँक कुटुंब राष्ट्रहीन बनले.

३० एप्रिल, १९४१ रोजी ऑटो यांनी आपला जुना मित्र नेथन स्ट्रॉस याला पत्र लिहून अमेरिकेत आश्रय मिळवण्यासाठी साहाय्य मागितले. एडिथचे भाऊ युलियस व वॉल्टर होलेंडर हे तोवर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पोहोचले होते. त्यांनीही हमीपत्रांसाठी धडपड केली. परंतु अमेरिकेने प्रवेशाचे नियम कडक केले होते आणि जर्मनव्याप्त देशांतील अमेरिकी वकिलाती त्या उन्हाळ्यात बंद झाल्या. १ डिसेंबर, १९४१ रोजी एकट्या ऑटो यांना क्यूबाचे प्रवेशपत्र मंजूर झाले. मात्र दहा दिवसांनी जर्मनी व अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाल्यावर तेही रद्द झाले. या प्रयत्नांची कागदपत्रे एका निर्वासित साहाय्य संस्थेच्या दप्तरात अनेक दशके पडून होती. न्यूयॉर्कमधील यिवो या ज्यू संशोधन संस्थेच्या संग्रहात ती सापडली आणि २००७ मध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली.

अज्ञातवास व अटक

५ जुलै, १९४२ रोजी सोळा वर्षांच्या मार्गोटला जर्मनीतील श्रमछावणीत हजर होण्याचा हुकूम आला. ऑटो यांनी लपण्याची तयारी आधीच केली होती. दुसऱ्याच दिवशी हे कुटुंब प्रिन्सेनख्राख्त २६३ येथील त्यांच्या कार्यालयाच्या मागील इमारतीत राहावयास गेले. जाण्यापूर्वी ऑटो यांनी बासेलला पत्र पाठवून यापुढे पत्रव्यवहार शक्य होणार नाही असे सूचित केले. फान पेल्स दांपत्य व त्यांचा मुलगा पेटर आणि पुढे दंतवैद्य फ्रिट्झ फेफर हेही तेथे राहू लागले. मीप गीस, योहानेस क्लाइमन, व्हिक्टर कुग्लर व बेप फोस्कोइल या कार्यालयीन सहकाऱ्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ त्यांना अन्न, पुस्तके व बाहेरच्या बातम्या पुरवल्या.

४ ऑगस्ट, १९४४ रोजी पोलिसांनी छापा घालून आठही जणांना अटक केली. त्यांना प्रथम वेस्टरबोर्क येथील संक्रमण छावणीत ठेवण्यात आले. ३ सप्टेंबर, १९४४ रोजी १,०१९ कैद्यांना घेऊन निघालेल्या आगगाडीने त्यांना आउश्वित्झ येथे नेले. वेस्टरबोर्कहून आउश्वित्झला गेलेली ही शेवटची गाडी होती. या गाडीतील प्रवाशांची यादी उपलब्ध असून तिच्यात फ्रँक कुटुंबातील चौघांची नावे आहेत. आउश्वित्झच्या फलाटावर पुरुष व स्त्रिया यांना वेगळे करण्यात आले. त्यानंतर ऑटो यांना पत्नी व मुली पुन्हा दिसल्या नाहीत.

आउश्वित्झहून परतीचा प्रवास

अशक्तपणामुळे ऑटो यांना छावणीतील रुग्णांच्या बराकीत ठेवण्यात आले होते. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य जवळ आल्यावर नाझींनी चालू शकणाऱ्या हजारो कैद्यांना पश्चिमेकडे पायी हाकलले. बराकीत मागे राहिल्यामुळे ऑटो यांचा जीव वाचला. त्यांना भेटायला येणारा पेटर फान पेल्स मात्र त्या तांड्याबरोबर गेला आणि पुढे माउटहाउझेन छावणीत मरण पावला. २७ जानेवारी, १९४५ रोजी सोव्हिएत सैन्याने आउश्वित्झ मुक्त केले.

फेब्रुवारी महिन्यात ऑटो यांनी आपण जिवंत असल्याचे बासेलला आईस कळवले. मार्चमध्ये पोलंडमधील काटोवित्से येथे त्यांची भेट रोजा डी विंटर या डच स्त्रीशी झाली. ती एडिथसोबत एकाच बराकीत राहिली होती. एडिथ ६ जानेवारी, १९४५ रोजी, म्हणजे मुक्ततेच्या तीन आठवडे आधी, आउश्वित्झमध्ये मरण पावल्याचे तिने त्यांना सांगितले. मार्गोट व ॲन यांना मात्र १९४४ च्या शरद ऋतूतच जर्मनीतील दुसऱ्या छावणीत हलवण्यात आले होते. त्यामुळे मुली जिवंत असतील अशी आशा ऑटो यांना राहिली.

युरोपात अद्याप लढाई चालू असल्याने पश्चिमेकडील रस्ता बंद होता. मुक्त झालेल्या कैद्यांना पूर्वेकडे, काळ्या समुद्रावरील ओडेसा बंदरात नेण्यात आले. तेथून मोनोवाय या जहाजाने ऑटो मे महिन्याच्या अखेरीस फ्रान्समधील मार्सेय येथे उतरले. ३ जून, १९४५ रोजी ते ॲम्स्टरडॅमला मीप व यान गीस यांच्या घरी पोहोचले आणि पुढील अनेक वर्षे तेथेच राहिले.

मुलींचा शोध

नेदरलँड्समधून सुमारे १,०७,००० ज्यूंना छावण्यांत पाठवण्यात आले होते. त्यांपैकी सुमारे ५,००० जण परतले. परतलेल्या प्रत्येकास कोणाचा ना कोणाचा शोध घ्यावयाचा होता. रेडक्रॉसकडे वाचलेल्यांच्या व मरण पावलेल्यांच्या याद्या येत असत. परतलेले कैदी या याद्यांत आपल्याला ठाऊक असलेली माहिती नोंदवत आणि मृतांच्या नावापुढे फुलीची खूण केली जाई. वृत्तपत्रांतून विचारणा प्रसिद्ध होत असत. एखाद्या छावणीतून कोणी परतल्याचे कळताच त्याच्याकडे चौकशी करणाऱ्यांची रीघ लागे.

ऑटो यांनी हे सर्व मार्ग अवलंबिले. ते याद्या पाहत राहिले, परतलेल्यांना भेटत राहिले, नातेवाइकांना पत्रे लिहीत राहिले आणि वर्तमानपत्रातून मुलींविषयी विचारणाही केली. आपल्या भेटीगाठी ते एका छोट्या टिपणवहीत त्रोटक शब्दांत नोंदवत असत. मुली बेर्गेन-बेल्सन छावणीत गेल्या होत्या हे त्यांना कळले होते. ब्रिटिश सैन्याने १५ एप्रिल, १९४५ रोजी ही छावणी मुक्त केली, तेव्हा तेथे हजारो प्रेते उघड्यावर पडलेली होती. त्यांचे सामूहिक दफन करण्यात आले. छावणीच्या अधिकाऱ्यांनी मुक्ततेपूर्वीच तेथील दप्तर नष्ट केले होते. त्यामुळे बेर्गेन-बेल्सनमध्ये कोण केव्हा मरण पावले हे सांगणारी नोंदवही उरली नव्हती. जे कळणार होते ते केवळ तेथून जिवंत बाहेर पडलेल्यांच्या तोंडूनच.

जुलै १९४५ मध्ये ऑटो यांना रेडक्रॉसच्या यादीत मार्गोट व ॲन यांच्या नावांपुढे फुल्या दिसल्या. ही माहिती कोणी दिली याचा माग काढत ते यान्नी व लिएन ब्रिलेस्लाइपर या दोघी बहिणींपर्यंत पोहोचले. डच प्रतिकार चळवळीत भाग घेतलेल्या या बहिणी वेस्टरबोर्कपासून फ्रँक भगिनींना ओळखत होत्या आणि बेर्गेन-बेल्सनमध्येही त्यांच्यासोबत होत्या. टायफसच्या साथीत आधी मार्गोट आणि काही दिवसांतच ॲन मरण पावल्याचे त्यांनी ऑटो यांना सांगितले. ऑटो यांच्या टिपणवहीत या भेटीची नोंद १८ जुलै या तारखेला आहे.

शोध एवढ्यावर थांबला नाही. ॲनची बालमैत्रीण हाना गोसलर हिचे नाव वाचलेल्यांच्या यादीत पाहून ऑटो तिला भेटण्यासाठी मास्ट्रिख्ट येथील रुग्णालयात गेले. फेब्रुवारी १९४५ च्या सुमारास बेर्गेन-बेल्सनमध्ये हानाने काटेरी कुंपणाच्या पलीकडे असलेल्या ॲनशी अंधारात संभाषण केले होते. आपले आईवडील दोघेही मेले आणि आता आपले कोणी उरले नाही, अशी तेव्हा ॲनची समजूत होती. त्यामुळे ऑटो यांना समोर पाहून हाना थक्क झाली. ॲन जिवंत आहे असे सांगण्यास ती उत्सुक होती, परंतु ती गेल्याचे तिला ऑटो यांच्याकडूनच कळले. या भेटीतून ऑटो यांना मुलीच्या अखेरच्या दिवसांचा आणखी एक साक्षीदार मिळाला. आपण मरण पावलो आहोत असे मानूनच मुलीने जगाचा निरोप घेतला, हेही त्यांना समजले. हाना व तिची धाकटी बहीण अनाथ झाल्या होत्या. ऑटो यांनी त्यांना स्वित्झर्लंडमधील नातेवाइकांकडे पाठवण्याची व्यवस्था केली.

मृत्यूच्या तारखेचा प्रश्न

दप्तर नसल्यामुळे दोन्ही बहिणींच्या मृत्यूची नेमकी तारीख कधीच निश्चित करता आली नाही. वारसाहक्क, पुनर्विवाह, मालमत्ता अशा बाबींसाठी मृत्यूची कायदेशीर नोंद आवश्यक असे. म्हणून डच शासनाने छावण्यांतून न परतलेल्या व्यक्तींना साक्षींच्या आधारे मृत घोषित करण्याची पद्धत ठरवली. साक्षीदारांच्या निवेदनांवरून रेडक्रॉसने फ्रँक भगिनींचा मृत्यू मार्च १९४५ मध्ये झाला असावा असा निष्कर्ष काढला. तारीख ठाऊक नसल्यास महिन्याचा शेवटचा दिवस धरण्याच्या प्रथेनुसार ३१ मार्च, १९४५ ही त्यांच्या मृत्यूची अधिकृत तारीख ठरली.

२०१५ मध्ये ॲन फ्रँक हाऊस या संस्थेच्या संशोधकांनी या साक्षींचा पुन्हा अभ्यास केला. दोघींमध्ये टायफसची लक्षणे केव्हा दिसू लागली आणि या रोगात रुग्ण सर्वसाधारणपणे किती दिवस तग धरतो याचा मेळ घालून त्यांनी हे मृत्यू फेब्रुवारी १९४५ मध्येच झाले असावेत असे दाखवून दिले. अधिकृत नोंद ही कायदेशीर सोय असू शकते, ती घटनेची प्रत्यक्ष तारीख असेलच असे नाही, ही बाब ज्यू कुटुंबांच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्यांना अनेकदा लक्षात घ्यावी लागते.

रोजनिशीचे प्रकाशन

अटकेच्या दिवशी मीप गीस व बेप फोस्कोइल यांनी गुप्त निवासस्थानी विखुरलेली ॲनची कागदपत्रे गोळा केली होती. ॲन परत आल्यावर तिला देण्यासाठी मीप यांनी ती न वाचता जपून ठेवली. ॲनच्या मृत्यूचे वृत्त आल्यावर त्यांनी ती ऑटो यांच्या हाती दिली. आपल्या मुलीच्या अंतरंगाची आपणास फारशी कल्पना नव्हती, ही जाणीव ऑटो यांना हे लेखन वाचताना झाली.

त्यांनी प्रथम बासेलमधील आई व इतर नातेवाइकांसाठी त्यातील काही भाग जर्मनमध्ये उतरवून पाठवला. पुढे मित्रांच्या आग्रहावरून ते प्रकाशनास तयार झाले. ॲनने स्वतःच युद्धोत्तर प्रकाशनाच्या हेतूने रोजनिशीचे पुनर्लेखन सुरू केले होते. ऑटो यांनी मूळ व सुधारित अशा दोन्ही संहितांवरून प्रकाशनासाठी एक प्रत तयार केली. इतिहासकार यान रोमेइन यांनी ३ एप्रिल, १९४६ रोजी हेट पारोल या दैनिकात या लेखनावर लेख लिहिल्यावर प्रकाशकांचे लक्ष तिकडे वेधले गेले. २५ जून, १९४७ रोजी 'हेट आख्टरहाइस' या नावाने रोजनिशी डच भाषेत प्रसिद्ध झाली. १९५० मध्ये जर्मन व फ्रेंच आणि १९५२ मध्ये इंग्रजी आवृत्ती निघाली. आज ती मराठीसह सत्तरहून अधिक भाषांत उपलब्ध आहे.

प्रकाशित प्रतीतून ऑटो यांनी आईविषयीचे काही कठोर उल्लेख व काही खासगी मजकूर वगळला होता. यावरून पुढे त्यांच्यावर टीकाही झाली. त्यांनी स्वतःजवळ ठेवलेली काही पाने १९९८ मध्ये उजेडात आली. मृत पत्नीची व इतर रहिवाशांची प्रतिष्ठा राखणे आणि मुलीचे लेखन जसे आहे तसे जगासमोर ठेवणे या दोन कर्तव्यांत त्यांना निवड करावी लागली, असे अभ्यासक मानतात.

पुनर्विवाह व उत्तरायुष्य

१९४९ मध्ये ऑटो यांना डच नागरिकत्व मिळाले. १९५२ मध्ये ते आपल्या नातेवाइकांजवळ बासेल येथे राहावयास गेले. १९५३ च्या मार्च महिन्यात आई ॲलिसचे, तर मे महिन्यात भाऊ रॉबर्टचे निधन झाले. त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी त्यांनी एल्फ्रीडे (फ्रिट्झी) गाइरिंगर यांच्याशी विवाह केला. मूळच्या व्हिएन्नाच्या फ्रिट्झी या ॲम्स्टरडॅममध्ये फ्रँक कुटुंबाच्याच परिसरात राहत होत्या. त्या व त्यांची मुलगी एव्हा आउश्वित्झमधून वाचल्या होत्या. मुक्ततेनंतर त्यांनीही ऑटो यांच्याप्रमाणेच ओडेसामार्गे परतीचा प्रवास केला होता. फ्रिट्झी यांचे पती एरिक व मुलगा हाइंझ यांच्या मृत्यूची बातमी त्यांना युद्ध संपल्यानंतर रेडक्रॉसकडून समजली. दोन्ही कुटुंबांतील उरलेल्या माणसांनी अशा रीतीने एक नवे कुटुंब उभे केले.

रोजनिशी वाचून जगभरातून येणाऱ्या हजारो पत्रांना ऑटो व फ्रिट्झी स्वतः उत्तरे देत असत. प्रिन्सेनख्राख्तवरील इमारत पाडली जाण्याचा धोका निर्माण झाला तेव्हा ३ मे, १९५७ रोजी ॲन फ्रँक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि ३ मे, १९६० रोजी तेथे संग्रहालय सुरू झाले. गुप्त निवासस्थानातील खोल्या रिकाम्याच ठेवाव्यात असा ऑटो यांचा आग्रह होता. अटकेनंतर नाझींनी तेथील सामान नेले होते, आणि जे नाहीसे झाले त्याची उणीव पाहणाऱ्यांना जाणवावी अशी त्यांची भूमिका होती. १९६३ मध्ये त्यांनी बासेल येथे ॲन फ्रँक निधीची स्थापना केली.

रोजनिशी बनावट असल्याचा प्रचार करणाऱ्यांविरुद्ध ऑटो यांना न्यायालयात जावे लागले. जर्मनीतील ल्युबेक येथील एका शिक्षकाविरुद्ध त्यांनी १९५९ मध्ये तक्रार दाखल केली. या प्रकरणात हस्ताक्षरतज्ज्ञांनी रोजनिशी अस्सल असल्याचा निर्वाळा दिला आणि १९६१ मध्ये शिक्षकाने आपले आरोप मागे घेतले.

निधन

१९ ऑगस्ट, १९८० रोजी बासेलजवळील बिर्सफेल्डेन येथे वयाच्या ९१ व्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने ऑटो फ्रँक यांचे निधन झाले. मृत्युपत्राद्वारे त्यांनी ॲनची हस्तलिखिते डच शासनाच्या युद्धदस्तऐवज संस्थेकडे सोपवली. या संस्थेने कागद, शाई व हस्ताक्षर यांची शास्त्रीय तपासणी करून १९८६ मध्ये रोजनिशीची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली.

कुटुंबाची कागदपत्रे

फ्रँक घराण्याचा इतिहास ज्या साधनांवरून उलगडतो ती अनेक देशांत विखुरलेली आहेत. फ्रांकफुर्टमधील जुन्या नोंदी पूर्वजांची माहिती देतात. वेस्टरबोर्कच्या रवानगी याद्यांवरून कुटुंबाच्या शेवटच्या एकत्रित प्रवासाचा दिवस कळतो. न्यूयॉर्कमधील दप्तर देशांतराचे फसलेले प्रयत्न दाखवते. ऑटो यांची टिपणवही त्यांचा परतीचा मार्ग व शोध नोंदवते. जेथे कागद उरला नाही, तेथे हाना गोसलर, रोजा डी विंटर व ब्रिलेस्लाइपर भगिनी यांच्या साक्षी कामी येतात.

बासेलमध्ये राहिलेल्या शाखेचे घर युद्धाच्या झळीतून सुखरूप राहिले. लेनीचा मुलगा, अभिनेता बडी एलियास, याच्या कुटुंबाला त्या घराच्या माळ्यावर हजारो पत्रे, छायाचित्रे व कागदपत्रे सापडली. त्यांच्या आधारे लेखिका मिर्याम प्रेसलर यांनी गेर्टी एलियास यांच्या सहकार्याने घराण्याचा इतिहास लिहिला. तो २००९ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. पुढे घराण्याच्या अनेक वस्तू व कागदपत्रे फ्रांकफुर्ट येथील ज्यू संग्रहालयाच्या स्वाधीन करण्यात आली. १९३३ मध्ये ज्या शहरातून हे कुटुंब परागंदा झाले, त्याच शहरात आता त्याच्या पिढ्यांचा दस्तऐवज जतन केला आहे.

नाझी राजवटीतील बळी व बेपत्ता व्यक्तींच्या शोधासाठी स्थापन झालेल्या जर्मनीतील बाड आरोल्झेन येथील आंतरराष्ट्रीय शोधसेवेत कोट्यवधी नोंदपत्रे साठवलेली आहेत. २०१९ पासून ही संस्था आरोल्झेन अभिलेखागार या नावाने ओळखली जाते. युद्धानंतर आठ दशके उलटली तरी बळींचे वंशज आजही तेथे आपल्या आप्तांविषयी विचारणा करतात. त्यांना मिळणारे उत्तर बहुधा एखादी रवानगी यादी, छावणीचे नोंदपत्र किंवा सहकैद्याची साक्ष एवढेच असते. १९४५ च्या उन्हाळ्यात ऑटो फ्रँक यांच्यासमोरही हीच साधने होती.